ओट्याखालचा ढाळ

१

घराच्या मागच्या अंगणात पाणी साचायचं, आणि एकदा साचलं की उठायचं नाव घ्यायचं नाही. आलेला पाहुणा निदान चहा झाल्यावर चपला शोधतो. हे पाणी चपलाच घेऊन बसायचं. मागच्या दाराशी काढलेली चप्पल सकाळी अंगणाच्या मधोमध तरंगताना दिसायची आणि तिची जोडीदारीण तिकडे धुण्याच्या ओट्याला नाक लावून रुसलेली.

हा ओटाच सगळ्या भानगडीचं कारण. सिमेंटचा, रुंद, एका अंगाला कलंडलेला, आणि शिंतोडे बाहेर उडू नयेत म्हणून पाठीमागे पुरुषभर उंचीची आडभिंत. सासऱ्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं बांधलेला. सासरे शाळेचे शिपाई होते. घंटा अशी वाजवायचे की मेलेला मास्तरही वर्गात जाऊन बसावा. पण गवंडीकाम त्यांना यायचं ते कोंबडीला पोहता येतं तितपतच. ओटा बांधला कुठं, तर पाणी जिथून रस्त्याच्या गटाराकडे पळायचं बरोबर त्याच तोंडावर. बाटलीला बूच मारावं तसा.

मग फोडा की ओटा! शेंबड्या पोरालाही सुचेल. पण सासऱ्यांचा हुकूम होता, "ओट्याला टिकाव लावायचा नाही. मी मेल्यावर काय ते करा." आणि मरायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता. खुब्याचं हाड मोडून ते मागच्या खोलीत खाटेवर आडवे होते आणि खिडकीतून अंगणावर पहारा करत होते. पुढच्या खोलीत हलवायचं म्हटलं की खाटेच्या दांड्या धरून असे बोंबलायचे, की शेजारीपाजारी दारात यायचे.

आणि त्या खाटेला चिकटून असलेली भिंत ओल पिऊन पिऊन माजली होती. आधी पोपडे आले, मग केसासारखी भेग गेली. यंदा तर तिला पोट आलं होतं. हात लावला की आतून पिठासारखं काहीतरी सरसरायचं.

मुलगी बापावर जीव टाकणारी. एका सकाळी तिनं नवऱ्याला आणि भावाला समोर उभं केलं. "भिंत बाबांच्या अंगावर आली ना, तर मी तुमचं तोंड बघणार नाही. दोघांचंही."

नवरा म्हणजे आपला जावई. चष्म्याच्या दुकानात काचा पुसणारा, मऊ हातांचा, लग्नापासून याच घरात राहणारा. भाऊ म्हणजे टेम्पो चालवणारा मेहुणा. त्याला सगळी गल्ली 'बंडल' म्हणायची. याच्या तोंडून खरं बाहेर पडलं तर जीभ भाजायची अशी त्याला भीती असावी. एकदा त्यानं शेजारच्या शिंप्याला त्याचंच दुकान जळतंय म्हणून अंघोळीतून पळवलं होतं.

या दोघांनी ठरवलं की भिंतीपासून गटारापर्यंत चर खणायचा, त्यात भोकांचा पाइप टाकायचा, वर खडी. ओटा फोडायचा नाही ना? मग त्याच्या खालून भोक पाडू. एकानं अलीकडून, एकानं पलीकडून, आणि मध्ये भेटायचं. आधी कोण पोचतो, ते बघू.

ही अक्कल दोघांची मिळून होती. एकट्याला इतकं वाईट सुचलं नसतं.

२

आधी ढाळ काढायचा. त्याला लागते पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. तिथं खूण करायची आणि तिथून खाली मोजत जायचं. यात डोकं लागत नाही, फक्त हात स्थिर लागतो.

जावई भिंतीशी टोक धरून उभा राहिला. बंडल दुसरं टोक घेऊन ओट्याच्या आडभिंतीपलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

नळीतलं पाणी वर गेलं, खाली आलं, थांबलं. जावयानं पेन्सिल काढली. पाणी पुन्हा वर गेलं. बोटभर. खाली आलं. वर गेलं.

"दादा, हलवू नका!"

वर. खाली.

"अहो, धरा की नीट! हात आहे का पाळणा?"

खिडकीतून सासरे म्हणाले, "डोळे फाडून काय बघताय जावई? नळी आहे ती, तुमचं गिऱ्हाईक नव्हे."

"दादा टोक हलवतायत, बाबा."

"कोण हलवतंय?" हा आवाज बंडलचा होता, आणि तो आला स्वयंपाकघरातून. तिथल्या खिडकीत त्याचं तोंड उगवलं, गाल फुगलेले, काहीतरी चावत होता. "मी केव्हाच खिळ्याला अडकवून आलोय. खूण करा आणि मोकळे व्हा, जावईबापू."

जावयानं नळीकडे पाहिलं. पाणी वर जात होतं. खाली येत होतं. घाई नव्हती त्याला. वर जाताना अंमळ थांबायचं आणि मग सुटायचं, गाढ झोपलेल्या माणसाची छाती सुटते तसं.

बंडल आहे हा, जावयानं मनाशी म्हटलं. दोरी बांधून आला असेल टोकाला. तो ओट्याला वळसा घालून पलीकडे गेला. नळीचं टोक खिळ्याला घट्ट अडकवलेलं, दोरीबिरी काही नाही. वारा असेल. गल्लीतून गाडी गेली असेल. जमीन हादरली की पाणी हादरणारच, त्यात काय.

वाऱ्यानं पान हलत नव्हतं, ही गोष्ट त्यानं स्वतःला सांगितली नाही.

त्यानं पाणी वर असताना एक खूण केली, खाली असताना दुसरी, आणि दोन्हींच्या मधली धरली.

३

कुदळ मारायला मोठी मजा येते. जावयाला हे ठाऊकच नव्हतं. बिचाऱ्याचं आयुष्य काचेवर फुंकर मारण्यात गेलेलं. पहिला घाव बसला, चिखल पचकन तोंडावर उडाला, आणि त्याच्या अंगात कुठूनशी गरमी चढली. दुसरा मारला. तिसरा मारला. हाताला फोड आले, फोड फुटले, दांडा लाल झाला, तरी तो मारतच होता. दुकानाच्या मालकाला एक मारला. काच परत करणाऱ्या गिऱ्हाइकाला एक. मग नीट धरून बंडलला.

"हळू हो!" बंडल पलीकडून ओरडला. "सासऱ्याचं घर आहे, पाडू नका. राहायचंय तुम्हालाच."

"तुम्ही बघा तुमचं! आवाज येत नाही तुमच्या कुदळीचा!"

ओट्याशी पोचल्यावर कुदळ चालेना. मग जावयानं पहार घेतली, चरात पालथा पडला, पोट चिखलात, हनुवटी चिखलात, आणि ओट्याखाली भोसकायला लागला. एकदा मारायचं, माती खरवडून हातानं बाहेर ओढायची, पुन्हा मारायचं. आत अंधार होता आणि भोकातून ऊब येत होती. ओली माती गार असते, हे त्याला आठवलं, पण खोल माती गरम असेल बुवा, आपण कुठं खोल गेलोय कधी.

त्यानं मारलं. ठक.

पलीकडून आलं, ठक.

"आला की आवाज!" तो खूष झाला. "या, या, दादा!"

त्यानं मारलं. पलीकडून आलं, जरा जोरात. त्यानं आणखी जोरात मारलं. उत्तर असं आलं की पहार तळव्यात झिणझिणली आणि त्याचे दात एकमेकांवर आपटले. जीभ चावली गेली. तोंडात रक्ताची चव आली. जावई हसला. अस्सं! त्यानं गुडघे रोवले आणि सगळं अंग मागं टाकून पहार हाणली.

"जावई." सासरे खिडकीतून बोलत होते, पण आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. वर्गात साहेब आल्यावर शिपाई बोलतो तसा होता. "हळू मारा."

"बस, होतच आलं बाबा!"

"हळू मारा हो. त्याला वाटेल मीच मारतोय."

जावयानं मान वर केली. "कोणाला?"

खिडकीच्या गजांमागे म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक होता. तो जावयाकडे बघत नव्हता, ओट्याकडे बघत होता.

"ढाळ नीट ठेवा म्हटलं," ते म्हणाले आणि उशीवर पडले.

४

त्यानंतर जावयानं मारलं नाही. पहार नुसती भोकात धरून पडून राहिला. म्हातारं माणूस, औषधं चालू, बरळलं असेल. त्याचं काय मनावर घ्यायचं.

ठक.

हा पलीकडचा होता. आणि अलीकडचा कुणी मारला नसताना आलेला होता.

मग पहारेचं टोक कुणीतरी धरलं.

ओढलं नाही आधी, नुसतं धरलं. चाचपलं. आंधळा माणूस काठी चाचपतो ना, तसं टोकापासून वर वर येत. पहारेतून ते जावयाच्या तळव्यापर्यंत पोचत होतं.

"दादा, खेळ पुरे," जावई म्हणाला. "बाबा घाबरलेत."

पहार आत ओढली गेली. झटक्यानं. जावयाचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे, भुवईतून रक्त. तो भडकला. इतकी वर्षं या माणसाची थट्टा सोसली, लग्नाच्या पंगतीत खुर्ची ओढली ती सोसली, पण हे? त्यानं पहार परत ओढली. ती आत गेली. त्यानं ओढली. ती आत गेली. चिखलात पाय रोवून, शिव्या देत, तो ओढत होता आणि समोरचा जराही धापा टाकत नव्हता.

"सोड, नाहीतर फाडीन!" जावई ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मेहुण्याला एकेरी हाक मारली होती.

समोरच्यानं सोडलं.

आणि जावयानं, ज्यानं कधी झुरळावर चप्पल उगारली नव्हती, सगळी ताकद लावून पहार पुढे भोसकली.

माती लागली. मग माती संपली. मग काहीतरी मऊ लागलं आणि पहार त्यात गेली, हळूहळू, बरीच. कलिंगडात सुरी जाते तशी नव्हे. तसं असतं तर बरं झालं असतं. ती अडत अडत गेली. मधे एकदा काहीतरी करकरलं.

भोकातून गरम वाफ त्याच्या तोंडावर आली. पहारेला एक हिसका बसला, आणि ती त्याच्या हातातून, तळव्याचं सालटं घेऊन, आत निघून गेली.

५

"मारलं मी," जावई पुटपुटत उठला. "मारलं मी त्याला." तो ओट्याला वळसा घालून धावला, घसरला, गुडघा फुटला, पुन्हा धावला.

बंडल समोरून येत होता. दोन्ही हातांत कप. अंगावर एक ओरखडा नाही.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं मिठी मारायला हवी की नाही? जावयानं मुठीनं त्याचं नाक फोडलं. कप उडाले. बंडलनं एकदा नाकाला हात लावून बोटांकडे पाहिलं आणि मग डोकं खाली घालून जावयाच्या पोटात घुसला. दोघं चिखलात पडले. ह्यानं त्याचा कान पिरगळला, त्यानं ह्याचं तोंड पाण्यात दाबलं. जावई बुडबुडे सोडत लाथा मारत होता.

"चहा आणायला गेलो होतो रे, वेड्या!"

"खोटं! तूच ओढलीस पहार!"

"कसली पहार? जा, बघ माझं भोक! मी हातभर पण खणलेलं नाही, पाठीत उसण भरलीय माझ्या!"

बायको दारात आली. "लाजा वाटतात का? घोडे झालात दोघं! सोड त्यांना, दादा! अहो, तुम्ही चावता काय त्याला?"

जावयानं दात सोडवले. त्याचा गाल अंगणाच्या मातीला लागलेला होता. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की गालाखाली पाणी नाही.

अंगण रिकामं होत होतं. सगळं तळं ओट्याखालच्या भोकात घोटाघोटानं चाललं होतं. इतक्या वर्षांचं पाणी, आणि कसं भराभर! बायकोनं टाळी वाजवली. "गेलं! अहो, गेलं की!"

बंडल रक्ताळलेलं नाक धरून उठला आणि आडभिंतीपलीकडे डोकावला. त्याचं भोक खरंच उथळ होतं. कोरडं. गटार कोरडं. पाणी जात होतं, पण कुठंच येत नव्हतं.

"जावईबापू," तो म्हणाला, "पहार कुठाय?"

ठक.

या वेळी आवाज अंगणातून आला नाही. घरातून आला. मागच्या खोलीतून, खालून.

आणि सासरे बोंबलले.

६

खाट उडत होती. तिच्यावरचा म्हातारा दोन्ही हातांनी दांड्या धरून होता आणि खालून फरशीवर घाव बसत होते. प्रत्येक घावाला खाटेचे पाय जमिनीपासून सुटत होते. पोट आलेल्या भिंतीतून पीठ गळत होतं.

"उचला!" बायको किंचाळली.

"नाही उचलायचं!" सासरे ओरडले. "मला इथंच ठेवा! माझ्यावर नजर आहे त्याची, ती माझ्यावरच राहू दे, तुमच्यावर नको!" त्यांनी उशाची काठी घेतली आणि जो जवळ येईल त्याला झोडायला लागले. बंडलच्या फुटक्या नाकावर एक बसली. जावयाच्या बोटांवर एक, करंगळी वाकडी झाली ती कायमची. मुलगी बापाच्या छातीवर पडली तेव्हा काठी थांबली. मग बंडलनं पायांकडून आणि जावयानं डोक्याकडून चादरीची टोकं धरली आणि म्हाताऱ्याला झोळी करून उचललं. खुबा हलला. असा आवाज माणसाच्या गळ्यातून निघतो हे कुणाला माहीत नसावं.

दारातून बाहेर पडताना जावयानं मागं पाहिलं. बघायला नको होतं, पण पाहिलं.

फरशी फुटली. गादी मधोमध तंबूसारखी वर आली आणि तिच्यातून पहारेचं टोक निघालं, नेमकं जिथं म्हाताऱ्याची छाती होती तिथं. कापूस उडाला. टोक थांबलं. मग ते इकडे वळलं, तिकडे वळलं, गादी चाचपत. आणि फाटलेल्या भोकातून, पहारेच्या मागे, ती धरलेलं काहीतरी क्षणभर दिसलं. बोटं म्हणावीत, तर ती वाकत होती नको त्या बाजूला. चिखलानं माखलेली, आणि फार जुन्या मारानं ठेचलेली.

भिंत खोलीत कोसळली आणि सगळं धुळीत गेलं.

७

गल्लीत भर दुपार होती. बंडलनं शिंप्याच्या ओसरीवरची रिकामी खाट न विचारता ओढली, म्हाताऱ्याला तिच्यावर ठेवलं आणि दोघं धपकन खाली बसले. बायको बापाचं तोंड पदरानं पुसत होती. "वाचले हो," ती म्हणत होती. "वाचले बाबा."

ठक.

डांबर थरथरलं. खाटेचा पाय उडाला.

ते खाट घेऊन पळाले. कोपऱ्यावर ठेवली. थोडा वेळ काही नाही. मग ठक. पुढच्या चौकात ठेवली. टेकते न टेकते तोच ठक, आणि रस्त्याला चीर गेली.

"उचल!" जावई म्हणाला. "वरच धर. खाली ठेवू नको."

खाट खांद्यावर घेतली, की सगळं शांत. पुढे जावई, मागे बंडल, वर म्हातारा.

"मी मेलो नाही अजून," सासरे क्षीण आवाजात म्हणाले, "आणि लागलीच खांद्यावर."

दुकानांतून लोक बाहेर आले. एक चिखलानं माखलेला जावई, एक नाक फुटलेला मेहुणा आणि वर जिवंत म्हातारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हात लावा रे कुणीतरी!" बंडल ओरडला. "खाली ठेवता येत नाहीये! खालून मारतंय!"

"वा रे बंडल!" खाटेच्या मागोमाग आलेला शिंपी हसत म्हणाला. "माझी खाट पण गेली आणि मी पण येऊ म्हणतोस? एकदा पळालो, तेवढं पुरे!" लोक पोट धरधरून हसले. एकही माणूस पायरीवरून उतरला नाही.

ऊन चढत होतं. जावयाच्या सालटं गेलेल्या तळव्यांतून रक्त दांडीवर येत होतं आणि दांडी निसटत होती. मागून बंडलचे श्वास ऐकू येत होते, तुटक, पाठीत उसण भरलेल्या माणसाचे. खाट मागच्या अंगाला थोडी खचली. सावरली. पुन्हा खचली.

"बाबा पडतील," बायको म्हणाली. आणि कुणाला काही कळायच्या आत ती पदर खोचून, वाकून, खाटेखाली शिरली. गुडघे रोवले, पाठ वर लावली, आणि खाट उचलली गेली. भारी अंगाची बाई, चांगलीच उचलली गेली.

"घेतला मी भार," ती खालून म्हणाली. "आता हात बदला तुम्ही. सावकाश."

"बाहेर ये," जावई म्हणाला. "अगं, बाहेर ये तू!"

"सोडू नका पण! तुम्ही सोडलं तर सगळं माझ्यावर येईल."

तो सोडू शकत नव्हता. त्याला फक्त मान वळवता आली. खाटेखालच्या सावलीत तिच्या अनवाणी पायांच्या मधला रस्ता, आवाज न करता, श्वास भरून घेतल्यासारखा हळूहळू वर येत होता.